डावीकडचा दुसरा दात

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मंगळवारच्या नोंदीत एक चूक आहे. मी लिहिलं होतं की बाबा मला बसवर सोडायला आले, पिशवी वर ठेवली आणि मागे न बघता निघून गेले. तसं झालं नाही. बस सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते आणि सुटताना त्यांनी हातही केला. फक्त तो माझ्या बसला नव्हता, शेजारच्या बसला होता. त्या बसमधल्या कुणा बाईने त्यांना उलट हात केला. मी काच वाजवली, पण त्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं नसावं.

आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं, त्यामुळे हे त्यांनी रागाने मुद्दाम केलं असं मला वाटलं, आणि त्या भरात मी 'मागे न बघता' लिहून टाकलं. आता वाटतं, ते चेष्टा करत असावेत. निरोपाच्या वेळी कुणी रडायला नको म्हणून ते असं काहीतरी वेड्यासारखं करतात.

जुनी ओळ खोडलेली नाही. आईने तशी सवयच लावली नाही. पहिल्या तीन इयत्ता मी घरीच शिकले, कारण माझे दोन्ही पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होते. (घरात प्लास्टरला काय तोटा, असं बाबा म्हणत.) आमचं घर म्हणजे पुढे कवळ्यांची कार्यशाळा आणि मागे दोन खोल्या. आई मला कार्यशाळेतच टेबलाच्या टोकाला बसवून शिकवायची. डावं पान कोरं ठेवायचं, उजव्या पानावर लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, समोर डाव्या पानावर बरोबर काय ते लिहायचं. 'खोडलंस तर तू कुठे चुकलीस ते तुलाच कळणार नाही,' म्हणायची. आणि दुसरा नियम, ज्याची खात्री नाही ते शाईने लिहायचं नाही.

आई जाऊन सहा वर्षं झाली. डावं पान मी अजून कोरं ठेवते.

रविवार, ८ फेब्रुवारी

मुलाखतीच्या वर्गासाठी शहरात घेतलेल्या या खोलीत दोन पलंग, एक कपाट, एक आरसा, एक खिडकी. दुसरा पलंग एका नर्सचा आहे. तिला कायम रात्रपाळी. सकाळी ती येते तेव्हा मी वर्गाला निघून गेलेली असते, आणि मी परत येते तेव्हा ती डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली असते. संध्याकाळी मी खाली जेवायला गेले की तेवढ्यात ती उठून कामाला निघून जाते. अजून आम्ही एकमेकींना धड उभं पाहिलेलं नाही. तिचा आवाज कसा आहे मला माहीत नाही. तिचे केस लांब आहेत आणि ती डाव्या कुशीवर झोपते, एवढं माहीत आहे.

आम्ही आरशाच्या चौकटीत चिठ्ठ्या खोचतो. काल तिची होती : 'तुझं दूध माझं समजून प्यायले. उद्या माझं तू तुझं समजून पी.'

ती झोपलेली असताना मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मी मुलाखतीचा सराव आवाज न करता करते. आरशासमोर उभी राहते, ओठ हलवते, मान डोलावते, मध्येच हसते. आज करता करता एकदम लक्षात आलं, सकाळपासून माझा खरा आवाज कुणीच ऐकलेला नाही. खिडकीतून खाली कपडे वाळत घालणाऱ्या बाईला 'वारा आहे आज' असं म्हटलं. तिने वर पाहिलं, कुणाशी बोलतेय ते तिला कळलं नाही, आणि ती आत गेली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

वर्गातल्या सरांना सगळे ताठ सर म्हणतात. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी 'कणा ताठ' म्हणतात, मग नमस्कार. परदेशी जाणाऱ्यांचे बायोडेटा करून देणं आणि मुलाखतीला तयार करणं हा त्यांचा व्यवसाय. आज माझ्या बायोडेटाचा दिवस होता.

"हे काय? प्राथमिक शिक्षण, इयत्ता पहिली ते तिसरी, घरी, आईकडे?"

"तसंच झालं होतं."

"अहो, हे कोण विचारतंय? वाचणाऱ्याला वाटेल लहानपणी आजारी होतात."

"होतेच."

सरांनी त्या ओळीशी पेन्सिलने एक खूण केली. मग म्हणाले, "बरं, ठेवा. आणि अनुभव? सात वर्षं वडिलांच्या कार्यशाळेत. कामाचं स्वरूप : कवळ्या तयार करणे, अंतिम तपासणी वडिलांची. हे शेवटचं कशाला? तपासणीही मीच करते, असं लिहा."

मी म्हटलं, तसं लिहिता येणार नाही. पण मग मलाच शंका आली. खरं बघायला गेलं तर गेलं वर्षभर बाबांनी तपासणी अशी केलेलीच नाही. मी कवळी त्यांच्या हातात द्यायची, ते तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि 'दे पाठवून' म्हणायचे. पूर्वी ते दिव्याखाली धरून इतका वेळ बघत की मला घाम फुटायचा. आता त्यांना कंटाळा आला असेल, किंवा माझ्यावर विश्वास बसला असेल. यातलं कुठलं ते मला ठरवता येईना, म्हणून मी सरांना सांगितलं की हे वाक्य उद्या नीट करून आणते.

मग तोंडी सराव. 'तुमची एक उणीव सांगा.' मी सांगायला लागले. मी फार वेळ लावते. लोक बोलत असले की मध्ये कसं शिरायचं कळत नाही. आपण केलेलं काम दुसऱ्याने हातात घेतलं की मी आधीच माफी मागते. फोनवर...

"थांबा, थांबा," सर म्हणाले, "एक विचारली होती हो!"

वर्ग हसला. मीही हसले. सर लगेच म्हणाले, "हे बघा, हे असं हसा. दात दिसू द्या. तुमचा तर धंदाच तो!"

परत येताना मी वाटेत दोनदा दुकानांच्या काचेत हसून पाहिलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

कवळ्या बनवणाऱ्या ज्या परदेशी कंपनीत माझी मुलाखत आहे, तिची पेटी उघडली. ती मागच्या महिन्यातच घरच्या पत्त्यावर आली होती. अर्ज करायला बाबांनीच लावलं होतं. पेटीत एका बिनदाताच्या माणसाच्या वरच्या-खालच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे आहेत, आणि दातांचा एक संच. सगळ्या उमेदवारांना हेच पाठवलं आहे. दात मेणात बसवायचे, फोटो पाठवायचे, आणि मंगळवारी, १७ तारखेला, मुलाखतीच्या वेळी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवायचे.

खिडकीच्या कट्ट्यावर मांडामांड केली. स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी, कोरणी. सुरीची मूठ आईच्या हाताने झिजलेली आहे. दिवा पेटवून मेण मऊ केलं, आणि त्या वासाने खोली एकदम आमची झाली. मग एवढं रडू आलं की मेण पुन्हा घट्ट झालं.

आमच्या घरची एक पद्धत इथे लिहून ठेवते, कारण मुलाखतीत ती सांगायची की नाही हे ठरवायचं आहे. कवळीचं माप घेऊन येणाऱ्या डॉक्टरांकडे बाबा नेहमी त्या माणसाचा एक फोटो मागतात. जुना, हसतानाचा. डॉक्टर वैतागतात. पण बाबा तो फोटो समोर ठेवून बघतात की या माणसाचा कुठला दात आत होता, कुठला वळलेला होता, आणि कवळीत तेवढी खोड ठेवतात. 'सगळे दात सरळ उभे राहिले की ते कवायत करतात. माणूस हसत नाही.' एका आजोबांच्या घरून निरोप आला होता की नवी कवळी लावून ते आरशात बघत बसले आणि मग जेवायलाच येईनात.

फोटो मिळालाच नाही तर डावीकडचा दुसरा दात, पटाशीच्या शेजारचा, किंचित वळवायचा. ही आमच्याकडची ठरलेली खोड.

कंपनीने फोटो पाठवलेला नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

बाबांचा फोन. हल्ली ते फोनला तोंडानेच सांगतात, 'पटाशीला लाव', आणि फोन लागतो. त्यांना याची भारी गंमत वाटते. (पटाशी म्हणजे मी. सात वर्षांची असताना माझे पुढचे दोनच दात आले होते आणि बराच काळ बाकीचे आलेच नाहीत.)

"काय पटाशे, तोंड उघडलं का तिथे?"

"उघडलं. सर म्हणतात, मिटा आता."

ते खूप हसले. मग मी विचारलं, काम कसं चाललंय.

"मस्त. कारागीर चांगला मिळालाय. तू काळजी करू नकोस."

या नव्या कारागिराबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही, कारण लिहायला गेले की माझ्या मनातलं वाईट बाहेर येतं. मी निघायच्या आधी आमचं वाजलं ते यावरूनच. मी म्हणत होते, मी गेल्यावर तुम्ही एकटे काय करणार? तर ते म्हणाले, मी माणूस ठेवलाय, सोमवारपासून येतोय, तुझ्यावाचून काही अडत नाही इथे. असंच म्हणाले. मी सात वर्षं ज्या स्टुलावर बसले त्यावर आता तो बसत असेल.

"त्याला माझी कोरणी देऊ नका," मी म्हटलं.

"नाही देत."

"हात कसा आहे त्याचा?"

"शांत माणूस आहे," बाबा म्हणाले.

शांत असलाच पाहिजे. आमचा पॉलिशचा लेथ असा ओरडतो की फोनवर निम्मं बोलणं ऐकू येत नाही, आणि आज मागे काहीच आवाज नव्हता. पलीकडच्या गल्लीतली सायकलची घंटासुद्धा ऐकू आली.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "रंग कुठला आलाय दातांचा? सांग पाहू." मी सांगितला. गेलं वर्षभर ते माझी ही परीक्षा घेतात. रंगाची पट्टी माझ्या हातात देतात आणि म्हणतात, या डॉक्टरांच्या नमुन्याला कुठला जुळतो, सांग. मी सांगते, ते मान हलवतात. बरोबर की चूक, कधीच बोलत नाहीत. शाबासकी तर लांबच.

सोमवार, १६ फेब्रुवारी

दात बसवून झाले. वरचे-खालचे मिटवून पाहिले, कागदाची पट्टी मध्ये धरून पाहिली, कुठेही अडत नाही. डावीकडचा दुसरा वळवला. वळवू की नको यावर दुपार गेली, पण हात आपोआप तिकडेच गेला.

आरशातली चिठ्ठी : 'खिडकीत दात वाळत घातलेस ते बघून मी दचकून उठले. बाकी छान आहेत. माझ्यापेक्षा बरे.'

बाबांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "छान झालंय. एकदम नीट." माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "डावा दुसरा वळवलास ना?"

आता फोटोत तो अगदी समोर दिसतोय, तर विचारायचं कशाला? मी म्हटलं, "वळवलाय." "किती?" "नेहमीइतका." "हं," म्हणाले, "मग झालं."

नंतर कंपनीला पाठवायला फोटो शोधत होते तेव्हा कळलं. बाबांना मी दातांचा फोटो पाठवलेलाच नाही. त्याच्या आधीचा गेलाय. दोरीवर वाळत घातलेल्या नर्सच्या मोज्यांचा. खिडकीतला उजेड कसा पडतो ते बघायला काढला होता.

त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. उघडलाच नाही आणि 'एकदम नीट' म्हणाले. नव्या माणसाच्या कामात इतके गुंतले असतील तर तसं सांगायचं. मी त्यांना चूक कळवली नाही. का कळवू?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

झालं. जसं झालं तसं लिहिते.

ताठ सरांच्या ऑफिसातली लहान खोली, संगणक, मागे कोरी भिंत. पडद्यावर एक वयस्कर बाई. चष्मा दोरीने गळ्यात. तिच्या मागच्या फळीवर साचे रचलेले होते, आमच्यासारखेच, चुन्याच्या रंगाचे. ते बघून बरं वाटलं. पहिले प्रश्न चांगले गेले. घरच्या शिक्षणावर ती थांबली आणि विचारलं, आईने काय शिकवलं? मी सांगितलं, वाचणं, मोजणं, आणि मेण. ती हसली.

मग दात दाखवायला सांगितले. मी धरले. तिने चष्मा लावला, पडद्याजवळ आली.

"डावीकडचा दुसरा जरा वळलेला दिसतो. हे कसं झालं?"

रागाने नाही विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, हे मला आता कळतंय. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चूक झाली. माफ करा. मी सरळ करीन."

"चूक?"

"हो."

तिने काहीतरी लिहून घेतलं. पुढे आणखी प्रश्न झाले, पण मला त्यातला एकही आठवत नाही.

बाहेर ताठ सर म्हणाले, "कणा ताठ होता. शाबास." त्यांनी काचेतून पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

काही नाही. पाऊस नाही, ऊन नाही. ब्रेड खाल्ला. साच्यावर फडकं टाकून ठेवलं आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मी आल्यापासून नर्सची ही पहिलीच सुट्टी होती. वर्गातून आले तर ती पलंगावर बसून ओले केस पुसत होती. आम्ही दोघी एकदम म्हणालो, "तू उंच आहेस!" प्रत्यक्षात दोघीही नाही. इतके दिवस एकमेकींना आडवंच पाहिलेलं.

तिचा आवाज घोगरा आहे आणि ती भरभर बोलते. बिस्किटाचा पुडा फोडून म्हणाली, "बोल. सगळं बोल. तुझे ओठ आरशासमोर हलताना मी पांघरुणातून बघते. मूकपट झालाय माझ्या आयुष्याचा."

मी सगळं बोलले. इतकं बोलले की घसा दुखायला लागला. मुलाखत सांगितली. दाताबद्दल सांगितलं. मग मोज्यांची गोष्ट सांगितली. बाबांनी तिच्या मोज्यांना 'एकदम नीट' म्हटलं हे ऐकून ती पलंगावर लोळून हसली. मग हसता हसता थांबली.

"तुझे बाबा फोन कसा लावतात?"

"तोंडाने सांगून. आवडतं त्यांना तसं."

"डोळे कधी दाखवले होते त्यांनी?"

"चष्मा आहे त्यांना. खूप वर्षांपासून."

"बरं," ती म्हणाली. केस पुसता पुसता म्हणाली, "कामाला दिवा लावतात?"

"दिवसासुद्धा लावतात. दोन लावतात हल्ली."

ती पुन्हा "बरं" म्हणाली आणि उरलेला पुडा माझ्याकडे सरकवला. रात्रभर आजारीच बघायचे म्हटल्यावर या लोकांना सगळीकडे आजार दिसत असणार. संध्याकाळी ती तिच्या मावशीकडे गेली. खोलीत तिच्या तेलाचा वास राहिला होता. आधी एकटीच होते तेव्हा बरं होतं, असं उगीच वाटून गेलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

बाबांना सांगून टाकलं. चार दिवस टाळत होते. ते ओरडतील, निदान गप्प तरी होतील असं वाटलं होतं.

"चूक झाली म्हणालीस?"

"हो."

"बरं केलंस. नोकरी त्यांची, दात त्यांचे. त्यांना सरळ हवे तर सरळ द्यायचे."

"बाबा, पण..."

"पण काय? तुला जायचंय ना? मग जा. एका दातासाठी अडून बसू नकोस."

याचं जास्त लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "पण वळला होता नीट? आईचा होता तसा?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. डावा दुसरा. तिचाच की तो. तुला काय वाटलं, पुस्तकातून काढला?"

मी सात वर्षं तो दात वळवते आहे. आईच्या तोंडासमोर बसून मी मुळाक्षरं शिकले. 'श' म्हणताना तिची जीभ त्या दाताला लागायची ते मला आजही दिसतं. आणि तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांचे फोटो मिळाले नाहीत अशी किती माणसं आईचा दात घेऊन हसत असतील!

आणि मी त्याला चूक म्हटलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

कंपनीला लिहिलं. ताठ सरांना दाखवलं तर त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "दिलेलं उत्तर बदलायचं? स्वतःहून? अहो, विसरले असतील ते!" मी म्हटलं, मी विसरले नाही. ते म्हणाले, "तुमच्या उणिवांच्या यादीत हे राहिलं होतं." पण पाठवू दिलं.

लगेच उत्तर आलं. बुधवारी दुपारी पंधरा मिनिटं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

तीच बाई, तोच चष्मा. मी पाठ करून गेले होते, पण पहिल्याच वाक्याला सगळं विसरले. मग जे होतं ते सांगितलं. तो दात मी मुद्दाम वळवला. माझे वडील हसतानाचा फोटो मागतात. तुम्ही फोटो पाठवला नव्हता. फोटो नसला की आम्ही आमच्याच घरातला एक दात वापरतो. कुणाचा, तेही सांगितलं.

तिने चष्मा काढून गळ्यात सोडला. मग म्हणाली, "आमच्याकडे बहुतेक लोक सरळच मागतात. तुम्हाला सरळ बसवता येतील?"

"येतील."

"आणि न विचारता वळवणार नाही?"

"नाही. आधी विचारीन."

"फोटो मागाल?"

"मागू का?"

"मागून बघा," ती म्हणाली. "काहीजण देतील." मग तिने समोरचा कागद पुढे ओढला. "माझ्याकडे तुमच्या उत्तरापुढे 'चूक' असं लिहिलं आहे. आता काय लिहू?"

"ते खोडू नका," मी म्हटलं. "शेजारी हे लिहा."

तिने खरोखर लिहिलं. मग म्हणाली, तुम्हाला घ्यायचं ठरलं आहे, सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा.

मी बाहेर आले. ताठ सरांनी माझा चेहरा बघून विचारलं, "गेलं का?" मी म्हटलं, "मिळालं." त्यांनी मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. वाकून बसले होते मी, पण कण्याचं काही बोलले नाहीत.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सकाळी बाबांना सांगितलं. ते इतके खूश झाले की आवाज फाटला. "हो म्हणून टाक. आजच. सोमवारची वाट कशाला बघतेस?"

मी म्हटलं, "आज गुरुवार, तुमची कामं पोचवायची गडबड असेल, संध्याकाळी निवांत बोलू."

"छे, गडबड कसली. मी मोकळाच आहे."

मला कळतं तेव्हापासून गुरुवारी आमच्या घरी कुणी नीट जेवलेलं नाही. शुक्रवारी दवाखान्यांना काम पोचवायचं असतं. मी विचारलं, "आणि तो कारागीर?"

"तोही मोकळाच आहे."

"त्याला द्या ना फोन. निदान बोलते तरी."

"आत्ता बाहेर गेलाय."

"आला की द्या."

"पटाशे," बाबा म्हणाले, "तू हो म्हण. मग त्याचं काय ते बघू." आणि वर, "माझं काही अडत नाही इथे. सगळं हाताखालचं आहे. डोळे मिटून सापडतं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीत बसले. साच्यावरचं फडकं काढलं. डोळे मिटले आणि दातांवरून अंगठा फिरवला, बाबा हल्ली फिरवतात तसा. पटाशी, पटाशी, मग तो वळलेला. अंगठ्याला तो लगेच कळला. न बघता.

नर्स झोपली होती. मी वही काढून पहिल्यापासून वाचली. चौदा तारीख वाचली, सोळा वाचली. मग सहा तारखेवर आले, शेजारच्या बसला केलेल्या हातावर. 'आता वाटतं, ते चेष्टा करत असावेत.' मंगळवारची चूक दुरुस्त करताना लिहिलेली ही ओळ.

मला एक गोष्ट वाटते आहे. ती मी इथे लिहिणार नाही. खात्री नसलेलं शाईने लिहायचं नाही. नर्सलाही विचारणार नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ती 'बरं' कशी म्हणेल तेही. कंपनीलाही आज काही कळवणार नाही. सोमवारपर्यंत मुदत आहे.

सहा तारखेच्या ओळीसमोरचं डावं पान कोरं आहे. ते तसंच ठेवलं आहे.

परवा, शनिवारी, २८ फेब्रुवारीला, सकाळच्या पहिल्या बसने घरी जाईन. येते म्हणून कळवणार नाही. कार्यशाळेचं दार दिवसा उघडंच असतं. दारातून बाबांचं टेबल चार पावलांवर आहे आणि त्या वेळेला पुरता उजेड असतो. मी चपला बाहेर काढीन, आत जाईन, त्यांच्या समोर उभी राहीन, हसेन, आणि काही बोलणार नाही.